शाळेच्या स्टेजसाठी माईक घेताय? आधी पेटी आणि पोरगी ऐका



दिवाळीच्या सुट्ट्या संपल्या की आपल्या सगळ्यांच्या ग्रुपवर एक प्रश्न हमखास येतो. "मॅडम, गॅदरिंगसाठी शाळेला माईक घ्यायचा आहे, कोणत्या कंपनीचा घेऊ?" लगेच पाच जण पाच नावं सांगतात, एक जण ऑनलाइनची लिंक टाकतो आणि शेवटी जो स्वस्त आणि चकाकणारा असतो तो घेतला जातो. यावर मला थोडं सविस्तर लिहायचं आहे, कारण माझ्या मते हा प्रश्नच उलटा आहे. कंपनी सगळ्यात शेवटी येते. त्या माईकसमोर काय वाजणार आणि कोण गाणार, हे आधी ठरवावं लागतं.

एवढ्याशा वस्तूवर इतकं कशाला लिहायचं, असं वाटेल. पण गेल्या काही वर्षांत आपल्या गॅदरिंगमध्ये काय बदललं ते आठवून बघा. स्वागतगीत पूर्वी पेटी-तबल्यावर व्हायचं. आता पेनड्राइव्हवर होतं. समूहगीत ट्रॅकवर होतं आणि मुलं नुसते ओठ हलवतात. बाकी सगळे डान्स. का, असं विचारलं तर उत्तर ठरलेलं, "लाईव्ह केलं की काही ऐकूच येत नाही, नुसती शिट्टी वाजते." म्हणजे मुलांना गाता येत नाही म्हणून गाणं गेलं असं नाही, ऐकू येत नाही म्हणून गेलं. आणि सगळ्यात आधी बाहेर पडलं ते हळू आवाजात सुरात गाणारं लेकरू. मोठ्यानं ओरडणारं टिकलं. बालभारतीच्या 'खेळू, करू, शिकू'मध्ये गायन-वादन आहे, आपण वर्गात ते घेतोही. स्टेजवर मात्र त्याची जागा पेनड्राइव्हनं घेतली. हे मला पटत नाही आणि त्याला बरंचसं कारण चुकीचा किंवा चुकीच्या जागी ठेवलेला माईक आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता आपल्या कन्हानचंच घ्या. एका बाजूला नागपूर-हावडा रेल्वेमार्ग, रामटेकचा फाटा इथूनच फुटतो. दुसरीकडून जबलपूरकडे जाणारा हायवे. त्यात कोळशाच्या खाणी, त्यामुळे ट्रक दिवसरात्र. मोकळ्या पटांगणात मांडव टाकला की मालगाडीची घरघर कार्यक्रमात फुकट सामील होते. म्हणजे शहरातल्या बंद सभागृहासाठी कोणी सांगितलेला सल्ला आपल्याला जसाच्या तसा लागू पडत नाही.

पण याच भागात वाजवणारी माणसं किती आहेत! गावोगावी भजनी मंडळं आहेत. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी विदर्भातल्या घराघरात माहीत आहे. कित्येक मुलांचे आजोबा ढोलक वाजवतात, कोणाचे बाबा पेटी धरतात, कोणाकडे टाळ-चिपळ्या खुंटीला टांगलेल्या असतात. खडी गंमत आणि दंडार ऐकलेले लोक अजून आपल्यात आहेत. ही सगळी वाद्यं हवेत वाजणारी, त्यांना वायर जोडायची सोय नाही. गिटारवाला वायर खोचतो अन् मोकळा होतो. पेटीवाल्याचं तसं नाही. त्याचा आवाज माईकलाच पकडावा लागतो. म्हणून आपल्यासाठी माईकची निवड जास्त महत्त्वाची.

नेहमी होतं काय ते सांगते. बिछायत केंद्रवाला मांडव, खुर्च्या, दोन बॉक्स आणि दोन माईक असं एकत्र देतो. त्याचं काम चोख असतं, मला तक्रार नाही. पण त्याचा माईक भाषणासाठी असतो. स्टॅण्ड साडेपाच फुटी पाहुण्याच्या तोंडाला लावलेला. मग तिसरीतली मुलगी येते, माईक तिच्या डोक्याच्या वर. ती मान वर करून गाते. पेटी चार फुटांवर जमिनीवर, तिला माईकच नाही. मागून आपण खुणा करतो, "जोरात! जोरात!" मुलगी सूर सोडून ओरडायला लागते. साउंडवाला बटण वाढवतो, 'कुईंऽऽ' अशी शिट्टी, लोक कानावर हात ठेवतात, बटण परत खाली. गाणं संपलं. पुढच्या वर्षी ट्रॅक.

ही शिट्टी का वाजते, हे एकदा समजलं की अर्धं काम झालं. माईकनं आवाज घेतला, मशीननं मोठा केला, बॉक्सनं बाहेर टाकला. बॉक्सचा आवाज पुन्हा माईकमध्ये शिरला, पुन्हा मोठा झाला, पुन्हा बाहेर आला. हे चक्र एका ठराविक सुरावर अडकतं आणि वाढतच जातं. म्हणून माईक निवडताना पहिला गुण बघायचा तो हा: समोरच्याचं नीट ऐकतो का आणि मागच्याकडे दुर्लक्ष करतो का? (वर्गात आपल्याला नेमकं उलटं हवं असतं, ते सोडा.)

बाजारात स्टेजसाठी ढोबळमानाने दोन जातीचे माईक मिळतात, डायनॅमिक आणि कंडेन्सर. डायनॅमिकमध्ये एका पातळ पडद्याला तारेचं बारीक वेटोळं चिकटवलेलं असतं आणि ते चुंबकाच्या फटीत हलतं. पडदा हलला की तारेत वीज तयार होते. सायकलच्या डायनॅमोसारखंच, वरच्या वर्गाला हे सहज दाखवता येईल. याला बाहेरची वीज लागत नाही. पडला-झडला तरी बहुतेक वेळा चालतो आणि जवळचा आवाज जास्त, लांबचा कमी घेतो. कंडेन्सरमध्ये एक पातळ पडदा आणि त्यामागची एक स्थिर पट्टी यांच्यातलं अंतर बदलून वीज बदलते. तो फार नाजूक आणि बारीक ऐकतो, तारेची किणकिण, बासरीची फुंकर सगळं. पण त्याला वीज लागते, ती मशीनमधून माईकच्या वायरीनेच द्यावी लागते. त्याला फँटम पॉवर म्हणतात, साधारण ४८ व्होल्टची. शाळेच्या जुन्या मशीनवर ती सोय नसेल तर महागडा कंडेन्सर माईक तसाच मुका बसेल. दुकानात हे कोणी आपणहून सांगत नाही. तुम्हीच विचारा.

रेकॉर्डिंगचा अनुभव असलेले काही जण सांगतात की वाद्यांसाठी कंडेन्सरच हवा, डायनॅमिकमध्ये पेटीचा आवाज 'डब्यातून' येतो. स्टुडिओत ते खरं आहे. मोकळ्या मैदानात, दोन बॉक्स, वारा, मागे मालगाडी आणि स्टेजवर इकडेतिकडे पळणारी चाळीस पोरं असताना बारीक ऐकणारा माईक हे सगळंच ऐकतो. म्हणून माझं मत असं की शाळेनं पहिले दोन-तीन माईक डायनॅमिकच घ्यावेत. तेही एका दिशेने ऐकणारे, ज्यांना कार्डिऑइड म्हणतात. बदामाच्या आकाराचा त्यांचा ऐकण्याचा टापू असतो: समोर पूर्ण, बाजूंना अर्धवट आणि बरोबर पाठीमागे सगळ्यात कमी.

याचा साधा अर्थ असा की माईकची शेपटी, म्हणजे जिथून वायर निघते ती बाजू, बॉक्सकडे असली पाहिजे. बॉक्स स्टेजच्या पुढे, प्रेक्षकांच्या बाजूला. गाणाऱ्याच्या मागे किंवा बरोबरीने कधीच नाही. आपल्याकडे मांडवाचा खांब जिथे असेल तिथे बॉक्स बांधतात आणि तो बरेचदा स्टेजच्या मागच्या कोपऱ्यात येतो. मग जगातला कोणताही माईक आणा, शिट्टी येणारच. बॉक्स दहा फूट पुढे सरकवायला पैसे लागत नाहीत, एक दोरी लागते.

मुलांनी माईकची जाळी मुठीत धरू नये, हेही याच कारणाने. टीव्हीवर रॅपवाले तसं धरतात, आपली पोट्टी तेच करतात. जाळीच्या मागच्या फटींतून आवाज आत जातो म्हणूनच माईकला दिशा कळते. त्या फटी झाकल्या की तो चहूबाजूंनी ऐकायला लागतो आणि शिट्टी मारतो. दांडीला धरा, जाळीला नाही, एवढं एक वाक्य तालमीत दहा वेळा सांगा.

नाव घ्यायचंच तर शुअर कंपनीच्या एसएम५८ चं घ्यावं लागेल. १९६६ साली आलेला हा गोळाजाळीचा माईक आजही जगभर स्टेजवर दिसतो. गंमत म्हणजे त्याच्या नावातल्या 'एसएम'चा अर्थ स्टुडिओ मायक्रोफोन असा आहे. नाव स्टुडिओचं आणि संसार केला स्टेजशी! त्याचाच भाऊ एसएम५७, १९६५ चा, वाद्यांसाठी जास्त वापरतात. त्याला गोल जाळी नसल्यामुळे वाद्याच्या जवळ नेता येतो. हे चांगले आहेत, पण प्रत्येक शाळेनं तेच घ्यावेत असं मी म्हणणार नाही. एकाच्या किमतीत भारतीय बनावटीचे, आहुजासारख्या कंपनीचे, दोन-तीन बरे डायनॅमिक माईक येऊ शकतात आणि आपल्याला संख्येची गरज जास्त आहे. शिवाय या प्रसिद्ध माईकचा नकली माल बाजारात भरपूर आहे. खूपच स्वस्तात मिळाला तर समजून जा, बाप्पा.

आता अंतराबद्दल. मला विचाराल तर माईकच्या किमतीपेक्षा हे मोठं. तोंडापासून माईकचं अंतर निम्मं केलं की मोकळ्या जागेत त्याला मिळणारा आवाज ६ डेसिबलने वाढतो. दोन फुटांवरून एका फुटावर आलात, ६ वाढले. एका फुटावरून अर्ध्या फुटावर, आणखी ६. हा वाढलेला आवाज फुकटचा आहे, शिट्टीशिवायचा आहे. मशीनचं बटण तेवढं खाली ठेवता येतं आणि मालगाडी तेवढीच मागे पडते. म्हणजे लेकराला "जोरात गा" सांगण्याऐवजी "जवळ ये" सांगायचं. किती जवळ? चार बोटं ते एक वीत. अगदी ओठ टेकवले की आवाज घुमायला लागतो आणि 'प', 'फ', 'भ' आले की 'भप्प' होतं. अशा माईकमध्ये फार जवळ गेल्यावर खर्जाचा भाग वाढतो, हा त्याचा स्वभाव आहे. माईक तोंडाच्या अगदी समोर न ठेवता जरा बाजूला, गालाच्या दिशेने ठेवला की फुंकर लागत नाही.

अंतराची गंमत मुलांना सांगायला माझ्याकडे एक आवडती गोष्ट आहे. १९४९ च्या 'महल' चित्रपटातल्या त्या गाजलेल्या गाण्याची सुरुवात दुरून कोणीतरी गात येतंय अशी हवी होती. तेव्हा आजची यंत्रं नव्हती. लताबाईंनी स्वतःच मुलाखतींत सांगितलंय की माईक खोलीच्या मध्ये होता आणि त्या कोपऱ्यातून गात गात त्याच्याकडे चालत गेल्या. बटण कोणी फिरवलं नाही, पावलांनी आवाज मोठा केला. वर्गात मोबाईलच्या रेकॉर्डरवर हे करून बघा. एक मूल दारापासून कविता म्हणत टेबलापर्यंत येईल. नंतर ऐकवा. माईकपासून किती लांब उभं राहायचं हे मुलांना त्या एका तासात कळतं, व्याख्यान द्यावं लागत नाही.

आणि आपल्या रंगभूमीचं बघा. १८८० मध्ये किर्लोस्करांचं 'शाकुंतल' आलं आणि पुढे कितीतरी वर्षं संगीत नाटकं माईकशिवायच झाली. नट-गायकाचा आवाज पिटातल्या शेवटच्या प्रेक्षकापर्यंत पोचवण्याची तालीमच तशी असायची. मग कोणी म्हणेल, मुलांनाही तशीच तयारी द्या, माईक कशाला? मोठ्यांच्या तयार गळ्याची आणि आठ वर्षांच्या लेकराची तुलना नको. उलट माईक आल्यामुळेच जगभर हळू, गप्पा मारल्यासारखं गाणं शक्य झालं. अमेरिकेत बिंग क्रॉस्बीसारखे गायक मोठे झाले ते माईकजवळ हळू गाऊन. हळू आवाजाच्या माणसाला माईकनं जागा दिली. आपण मात्र माईक लावूनही लेकरांना ओरडायला लावतो.

पट्टीचंही जरा बघा. मोठ्या बुवांच्या सोयीच्या पट्टीत पेटी धरली की मुलांचे खालचे स्वर पुटपुटल्यासारखे होतात आणि दोष माईकला जातो. पट्टी मुलांच्या गळ्याची हवी. पेटीवाल्या काकांना नम्रपणे सांगायचं, ते ऐकतात.

आता वाद्यांकडे येऊ. इथे मी जरा रेंगाळणार आहे.

पेटीपासून सुरू करू. आपण तिला माईक लावतच नाही, नाहीतर समोर प्रेक्षकांच्या बाजूने जमिनीवर ठेवतो. पण त्या बाजूला भाता असतो. भात्याची फसफस आणि बिजागरीची करकर आधी ऐकू येते, सूर नंतर. माईक वादकाच्या उजव्या हाताच्या बाजूने, पेटीच्या वरून, एक वीतभर उंच ठेवून स्वरपट्ट्यांच्या मागच्या जाळीकडे वळवा. मग वाजवणाऱ्याला वाजवू द्या आणि स्वतः एक कान बंद करून, दुसरा कान माईकच्या जागी नेऊन ऐका. जिथे तुमच्या कानाला पेटी गोड लागते, तीच माईकची जागा. ही युक्ती सगळ्या वाद्यांना चालते आणि तिला एक पैसा लागत नाही. प्रत्येक पेटी वेगळी असते, त्यामुळे मी इंचात मोजून सांगण्यात अर्थ नाही.

तबल्याला दोन माईक लावण्याची चैन शाळेला नको. दायां आणि बायां यांच्या मधोमध, जरा समोरून आणि वरून, एक डायनॅमिक पुरतो. बायांचा घुमारा कमी येत असेल तर माईक किंचित तिकडे झुकवा. ढोलकला दोन तोंडं दोन दिशांना. एकच माईक असेल तर समोर मध्यावर, फूट-दीड फूट लांब. अगदी एका तोंडाशी नेलात तर दुसरं हरवतं.

खंजिरी आणि टाळ यांना माईक लावू नका. खरंच लावू नका. त्यांचा आवाज इतका टोकदार असतो की गाणाऱ्याच्या माईकमध्ये तो आपोआप शिरतो, लावला तर बाकी सगळं बुडतं. उलट खंजिरीवाल्याला गाणाऱ्यापासून दोन-तीन हात लांब, माईकच्या पाठीमागच्या दिशेला बसवा. कोणाला वाईट वाटू शकतं, "मला माईक का नाही?" त्याला सांगा, तुमचा आवाज सगळ्यात दमदार आहे म्हणून. खोटं नाही हे.

एकतारी, तुणतुणं, बासरी यांची गोष्ट उलटी. ही हळू वाद्यं. ढोलक शेजारी वाजला की संपलं. बासरीला माईक तोंडासमोर नको, फुंकरीचा वारा लागतो. थोडा वरून, फुंकण्याच्या जागेपासून बोटांच्या छिद्रांकडे तिरका धरा. एकतारीचा आवाज भोपळ्यातून येतो, म्हणून माईक भोपळ्याजवळ, अगदी वीतभर अंतरावर. कंडेन्सर घेण्याइतके पैसे कधी जमले आणि मशीनला फँटमची सोय असली, तर तो या वाद्यांसाठी घ्या. माझा विरोध आधी कंडेन्सर घेण्याला आहे, कंडेन्सरला नाही.

समूहगीत हा सगळ्यात अवघड प्रकार. पंचवीस मुलं, दोन ओळी, एक माईक मध्ये. माईकजवळची दोन मुलं ऐकू येतात, बाकी नुसती उभी. लांबून सगळ्यांना टिपायला डायनॅमिक कमी पडतो आणि कंडेन्सर लावला तर आपल्या मैदानात शिट्टीची भीती. मी सुचवेन ते असं: सुरात पक्की असलेली चार मुलं निवडा, दोन-दोन अशी दोन माईकवर. दोघांची तोंडं एका माईकजवळ. बाकीची मागे अर्धवर्तुळात, अगदी जवळ, आपल्या नैसर्गिक आवाजात. त्यांचा आवाज पुढच्या रांगांना थेट जातो, मागच्यांना चौघांचा बॉक्समधून. निवड करताना मात्र आवाज मोठा कोणाचा ते बघू नका, सूर कोणाचा सच्चा ते बघा. आवाज मोठा करायला मशीन आहे, सूर मशीन देत नाही. दोन माईकमधलं अंतर, प्रत्येकी तोंड-माईक अंतराच्या निदान तिप्पट ठेवा, नाहीतर एकच आवाज दोन्हींत शिरून पोकळ येतो.

जास्त माईक म्हणजे जास्त आवाज, हा पालकांचा आवडता गैरसमज. चालू माईक दुप्पट केले की शिट्टीच्या आधी मिळणारी मोकळीक सुमारे ३ डेसिबलने कमी होते. चार माईक चालू आणि गातंय एकच लेकरू, तर उरलेले तीन फक्त बॉक्स ऐकत बसलेत. म्हणून मशीनजवळ एक जबाबदार माणूस हवा. कार्यक्रमपत्रिका हातात घेऊन, ज्याची पाळी त्याचाच माईक चालू. सातवीतला एखादा शांत मुलगा किंवा मुलगी हे काम फार सुंदर करते, मोठ्यांपेक्षा लक्ष देऊन. स्टेजवर जायला लाजणाऱ्या मुलांना हे काम देऊन बघा.

कॉर्डलेसबद्दल. देणगी देणारे पालक बहुतेक वेळा "कॉर्डलेसच घ्या मॅडम, दिसायला छान" म्हणतात. सूत्रसंचालनाला एक असू द्या. पण त्याच पैशात वायरचा माईक दर्जाने वरचा येतो, सेल संपत नाहीत आणि शेजारच्या मांडवातलं भाषण आपल्या बॉक्समधून येत नाही. कपड्याला लावायचा कॉलर माईक नाटकासाठी मागतात. तो बहुतेक चहूबाजूंनी ऐकणारा असतो, छातीवर, तोंडापासून लांब. मोकळ्या स्टेजवर त्याच्यासारखा शिट्टीबहाद्दर दुसरा नाही.

खरेदीला जाताना, म्हणजे नागपूरला बर्डीवर गेलात तरी, सगळे पैसे माईकवर घालवू नका. निदान तिसरा हिस्सा वायर आणि स्टॅण्डसाठी ठेवा. वायरीच्या दोन जाती: जाड जॅकची दोन तारांची आणि तीन पिनांची एक्सएलआर. तीन पिनांच्या वायरीत आवाज दोन तारांवरून उलटसुलट जातो आणि वाटेत शिरलेली घूंऽ शेवटी आपोआप वजा होते. त्यामुळे ती शंभर फूट नेली तरी चालते. दोन तारांची वीस फुटांपुढे गेली की घूं आणि बारीक स्वर गायब. मशीनला मागे तीन पिनांचं छिद्र आहे का, हे घरूनच मोबाईलवर फोटो काढून न्या. दुकानात 'हॅलो हॅलो चेक' म्हणून माईक घेऊ नका. भाषणाला सगळेच बरे वाटतात. जमलं तर एक छोटी पेटी किंवा निदान गाणारं एखादं लेकरू सोबत न्या आणि दोन माईकवर तेच कडवं पाठोपाठ म्हणायला लावा. दुकानदार हसेल, हसू द्या.

व्यवस्थापन समितीत हा विषय मांडताना एक अडचण येते, "वर्षातून एकदाच तर लागतो." तसं नसतं. परिपाठ रोज आहे, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी, सावित्रीबाईंची जयंती, बालसभा. परिपाठात रोज दोन मुलं चार बोटांच्या अंतरावर उभी राहिली तर डिसेंबरपर्यंत सगळ्या शाळेला माईक हाताळता येतो.

आवाजाच्या नियमांचंही भान असू द्या. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते आणि रात्री १० नंतर उघड्यावर लावता येत नाही. माईक नीट लावला की बॉक्स लहान पुरतात, हा शेजाऱ्यांचाही फायदा.

ट्रॅकची बाजू घेणाऱ्या शिक्षकांना मी दोष देत नाही. ऑनलाइन माहिती भरायची, परीक्षा, शिष्यवृत्ती, त्यात गॅदरिंग. पेनड्राइव्ह खोचला की झालं. डी.एड.ला आपल्याला कोणी हे शिकवलंही नव्हतं. पण निदान दोन कार्यक्रम लाईव्ह ठेवा, स्वागतगीत आणि एक भजन. गावातल्या मंडळातले आजोबा बोलवा. ते पैसे मागत नाहीत, चहा मागतात. तालीम एकदा तरी खऱ्या मांडवात, खऱ्या बॉक्सवर घ्या, संध्याकाळी, गाड्यांच्या वेळेला. एक शिक्षक शेवटच्या सतरंजीवर बसून ऐकेल आणि हातानं खूण करेल. पेटी कमी, ढोलक लांब, मुलगी जवळ. तिथे बसल्याशिवाय स्टेजवरून काही कळत नाही.

आणि स्टॅण्ड घेताना दोन तरी बुटके घ्या. पेटीवाला अन् तबलेवाला जमिनीवर बसतात, तिसरीतली मुलगी साधारण चार फुटांची असते आणि दुकानात दाखवायला काढतात तो स्टॅण्ड पाहुण्यांच्या उंचीचा असतो.